खोड आणि पापुद्रे

टीकाकार म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणातली खोड काढणारा माणूस, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण मराठीत ‘खोड’ हे शब्द दोन आहेत. एक स्त्रीलिंगी, ती माणसाला लागते, आणि जित्याची असली तर मेल्याशिवाय जात नाही. दुसरा नपुंसकलिंगी, ते झाडाचे असते, आणि झाड तोडून पोखरले, त्याच्या तोंडावर कातडे चढवले, की तेच तबल्याचे, ढोलकीचे नि मृदंगाचे खोड होते. पहिल्या खोडीवर मी तीसएक वर्षे लिहीत आलो. या लेखात दुसऱ्या खोडाविषयी लिहावे असा विचार आहे. पुढे पुढे पहिली त्यात शिरली आहे, त्याला माझा इलाज नाही.

संपादकांनी यंदाही नेहमीप्रमाणे माझ्याकडे वर्षातल्या कादंबऱ्यांचा परामर्श मागितला होता. मी त्यांना कळवले की कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत, त्यांतल्या तीन-चार बऱ्याही आहेत. परंतु या वर्षात मी सर्वांत बारकाईने जे वाचले ते छापलेले नाही. ते तीन ड्रम आहेत. संपादकांनी दोन दिवस विचार केला आणि “दिवाळी आहे, चालेल,” असे उत्तर धाडले.

ड्रम वाचता येतात याचे कारण माझा धंदा. टीका ही हौस. पोटासाठी मी लाकडाचा माणूस. १९६८ साली मी पिंपरीस आलो तेव्हा १९५४ साली निघालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पलीकडे कारखान्यांची रांग वाढतच होती, आणि त्यांतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये मी चिकटलो तो २००४ साली निवृत्त होईपर्यंत. पॅटर्न म्हणजे काय, हे घरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचे चाक ओतायचे असेल तर आधी तसेच लाकडी चाक करतात, ते वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात, आणि त्या ठशात रस ओततात. लाकडी चाक करणारे ते आम्ही. आमच्या कामाचे कुणी कौतुक करीत नाही, कारण ते वाळूत पुरलेले असते. पण लाकूड, सरस, चपडी आणि रंग यांच्याशी छत्तीस वर्षे संसार केला की नाक आणि बोटे डोळ्यांच्या पुढे धावू लागतात.

आता प्रसंग सांगतो. चिंचवडला आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. कर्ते गृहस्थ जाऊन सहा वर्षे झाली. ते दुसऱ्या एका फाउंड्रीत मोल्डर होते, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवीत. गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराई त्यांना घरी जेवायला सवड नसे. सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. गेल्या खंडेनवमीला मी माझ्या रंध्या-पटाशींना हळदकुंकू वाहून उठतो आहे तोच त्यांचा मुलगा आला. तो चाकणला, मोटारींचे सुटे भाग लाकडी खोक्यांत बंद करून परदेशी धाडतात तेथे, कामाला आहे. म्हणाला, “काका, बाबांचे ड्रम खाली काढलेत. मुंबईचे एकजण घ्यायला तयार आहेत. ते एवढंच विचारतात, मेपल आहे का? वरचा लाल रंग उतरवून आतलं लाकूड दाखवलं तर दुप्पट देईन म्हणतात. तुम्ही एकदा बघा ना.”

मी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि ड्रमांवरची जुनी चादर स्वतःच काढली. तीन ड्रम: एक मोठा, २२ इंची, आडवा ठेवून पायाने वाजवायचा, एक लहान, १३ इंची, त्याच्यावर बसणारा, आणि एक १६ इंची, तीन पायांवर उभा राहणारा. तिन्ही चकचकीत लाल, उन्हात दारूकामासारखे चमचमणारे. लहान ड्रमच्या पोटावर समोरच ‘प्रीमियर’ असा इंग्लिश बिल्ला.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “हे १९७४ साली आणले. माझ्या दोन पाटल्या मोडल्या तेव्हा. इंग्लिश आहे म्हणाले होते. बाहेरून आलेली वस्तू तेव्हा मिळत नसे. पाटल्या कुठे गेल्या ते लाकडात दिसतं का हो?”

मुलाला मेपल हवे होते आणि आईला पाटल्या. दोघांच्या प्रश्नांना एकदम उत्तर द्यायचे म्हणजे परीक्षण नीट करायला हवे, एवढे मला कळले. मी आठ दिवसांची मुदत मागितली.

लाकूड ओळखण्याचे माझे खरे शिक्षण कारखान्यात झाले नाही, आळंदीला झाले. तेथे वारकऱ्यांचे मृदंग दुरुस्तीला येत त्या एका दुकानात मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसत असे. मृदंगाचे खोड एकाच ओंडक्याचे असते, पोखरून केलेले. उजव्या तोंडाला शाई, डाव्या तोंडाला वाजवायच्या वेळी कणकेचा गोळा. वाद्ये दिंडीतून भिजून यायची, त्यांच्या पुड्या उतरवायच्या, आणि पुडी उतरली की खोडाचे तोंड उघडे पडायचे. बाहेरून खोडाला पॉलिश, तेल, हाताचा मळ सगळे काही असते. परंतु तोंडाशी लाकूड आडवे कापलेले असते, आणि आडव्या छेदात झाडाला लपता येत नाही. शिसवाच्या छेदात काळ्या-जांभळ्या रेषा दिसतात. खैर लाल, जड, आणि त्याच्या छिद्रांत कधीकधी पांढरी भुकटी साचलेली. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा, पुढे हवेने तपकिरी. आंबा फिकट, मोठ्या छिद्रांचा आणि किडीचा लाडका. बिबळ्याची तर मौजच आहे. त्याचा कपचा पाण्यात टाकून ठेवला की पाणी पिवळसर होते आणि उजेडात धरले की त्यावर निळी झाक मारते. हा प्रयोग दुकानदाराने मला पेल्यात करून दाखवला तेव्हा मी पंचविशीचा होतो, आणि आजतागायत कुठल्याही साहित्यशास्त्राच्या ग्रंथाने मला इतक्या खात्रीचा निकष दिलेला नाही.

त्याच दुकानात दुसरेही कळले. आंब्याच्या खोडाला काळा रंग देऊन ते शिसव म्हणून विकले जाते. स्पिरिटचा बोळा फिरवला की रंग बोळ्यावर येतो. खोडाच्या पोटात मात्र कुणी रंग देत बसत नाही, म्हणून आधी आत पाहावे. आणि खोड जुने असेल तर चामड्याच्या वाद्या जेथे वर्षानुवर्षे ताणलेल्या होत्या तेथे त्यांच्या सावल्या उमटलेल्या असतात. उजेड, धूर नि घाम त्या पट्ट्यांखाली पोहोचलेला नसतो. जुनेपणाची बतावणी करणारा माणूस सगळे करतो, सावल्या करायला विसरतो.

ड्रमचे प्रकरण निराळे. विलायती ड्रमचे कवच बहुधा ओंडक्याचे नसते; ते लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे असते, एकावर एक डकवून साच्यात वाकवलेले. असे का करतात? लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे वाढत नाही, आडवे मात्र फुगते आणि आकसते. चैत्रात तडकायचे आणि आषाढात फुगायचे हा त्याचा स्वभाव. मृदंगाचे खोड जाड असते म्हणून ते सोसते. पाव इंचाच्या कवचाला ते सोसवत नाही, म्हणून एका पापुद्र्याचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, असे लावतात. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. (एका पापुद्र्याचे, वाफेवर वाकवलेल्या अखंड मेपलच्या फळीचे ड्रमही अमेरिकेत झाले, स्लिंगरलँड कंपनीचे ‘रेडिओ किंग’ त्यासाठीच नावाजले गेले. ते अपवाद.)

मुंबईच्या गृहस्थांचा ‘मेपल आहे का?’ हा प्रश्न याच ठिकाणी लंगडा पडतो. शिकागोच्या लडविग कंपनीचे नाव ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर रिंगो स्टारच्या ड्रमवर झळकले आणि ती जगभर माहीत झाली. तिच्या त्या काळच्या कवचांत तीन पापुद्रे असत, आणि मधला बहुधा पॉप्लरचा, हिरवट झाक असलेला, स्वस्त, मऊ. बाहेरचा किंवा आतला कधी मेपलचा, कधी महोगनीचा. म्हणजे ज्याला ‘मेपलचा ड्रम’ म्हणून मान मिळतो त्याच्या पोटात पॉप्लर असतो, आणि त्या ड्रमचा जो गोड, ठसठशीत आवाज रसिक वाखाणतात तो या मिश्रणाचाच आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कादंबरीतही मधला पापुद्रा पुष्कळदा मऊच असतो.

आतल्या रंगाचीही तीच गोष्ट. पोटात रंग दिला म्हणजे काहीतरी लपवले, हा आळंदीचा नियम तिकडे जसाच्या तसा लावता येत नाही. ग्रेच कंपनी कवचाच्या आत रुपेरी रंग देत असे. लडविगने साठीच्या दशकात बरीच वर्षे करड्या ठिपक्यांचा रंग दिला. हा रंग आज त्या ड्रमांच्या खरेपणाची खूण मानला जातो. एखाद्या उत्साही मालकाने तो खरवडून आतले लाकूड ‘उजळले’ की जाणकार हळहळतात.

बाहेरच्या चमकत्या वेष्टणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण मुलाला तेच काढायचे होते. जुन्या ड्रमांवर मोत्यासारखी झाक असलेले जे पत्रे डकवलेले असत ते सेल्युलॉइडचे. कंगवे, फाउंटन पेनच्या नळ्या आणि सिनेमाच्या फिती ज्याच्या होत असत तेच हे. त्यात कापूर असतो. अंगठ्याने जोरात घासले की आरतीच्या तबकाचा वास येतो. पुढे निराळी प्लास्टिके आली. त्यांना घासले तर रेनकोटचा वास येतो. एवढ्यावरून वेष्टण कोणत्या जातीचे ते घरबसल्या कळते. मात्र सेल्युलॉइड ज्योतीजवळ नेऊ नये, भडकन पेट घेते. दिवाळीच्या अंकात हे सांगून ठेवलेले बरे.

आता परीक्षण.

मोठ्या ड्रमपासून सुरुवात केली. लाल वेष्टण घासले, रेनकोट. मग कातड्याचा ताण धरणारी धातूची एक खुंटी स्क्रू काढून सोडवली. तिच्याखाली, लाल वेष्टणाच्याही खाली, नखाएवढा पांढरा मोतिया तुकडा शिल्लक होता. घासला; कापूर! म्हणजे हा ड्रम मुळात पांढरा होता आणि त्याचे मूळचे वस्त्र कुणी उतरवून लाल चढवले होते. काठ पाहिला. तीन पातळ फिकट पापुद्रे, छिद्रे इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत. आणि आतून दोन्ही काठांना रुंद कडी, गुलाबी तपकिरी, तिच्यावर तिळाएवढ्या आखूड गडद रेघा. या रेघा बीचच्या लाकडाची स्वाक्षरी होय. पापुद्रे बर्चचे. बर्च म्हणजे आपला भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत. शब्दही एकाच मुळाचा आहे. बर्चचे पातळ कवच आणि बीचची कडी ही १९२२ साली लंडनला निघालेल्या प्रीमियर कंपनीची त्या काळची रीत. मोठा ड्रम इंग्लिश होता यात मला शंका उरली नाही. फक्त त्याच्यावर बिल्ला नव्हता.

बिल्ला होता लहान ड्रमवर. त्याचे पोट पाहिले मात्र, मी हसलो. विटकरी रंग, आणि मुंग्यांच्या रांगांसारखी लांब उघडी छिद्रे. हे लाऊआन. बाजारात त्याला ‘फिलिपिनी महोगनी’ म्हणतात, परंतु महोगनीशी त्याचे काही नाते नाही. ते आपल्या साल वृक्षाच्या कुळातले. चार पापुद्रे, एक जाड एक बारीक, हिशेब न ठेवता डकवलेले. आतल्या झिलईने स्पिरिटला दाद दिली नाही, थिनरला लगेच दिली. म्हणजे चपडी नव्हे, कारखान्यातले लॅकर. साठीच्या दशकात जपानातून असे ड्रम ढीगभर निघत आणि जो आयातदार मागेल त्याचे नाव त्यांवर चढे. आतून बिल्ल्याच्या मागे एक जुने भोक लांबी भरून बुजवलेले दिसले, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्ल्याचे दोन बारीक खिळे. त्या खिळ्यांमधले अंतर मी कंपासात धरले आणि कंपास तसाच मोठ्या ड्रमच्या पोटात नेला. तेथे दोन रिकामी बारीक छिद्रे होती. कंपासाची दोन्ही टोके त्यांत बसली.

मास्तरांनी बिल्ला मोठ्यावरून काढून लहानावर लावला होता. का, ते उघड आहे. मोठा ड्रम आडवा असतो, त्याचा बिल्ला आढ्याकडे पाहतो. लहान ड्रम प्रेक्षकांच्या थेट समोर.

टीकाकार म्हणून मला येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. तिन्ही ड्रमांना एकच लाल वेष्टण घालणे ही लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. रंगमंचावर तीन जातींची तीन भांडी मांडून कुणी बसत नाही. एका वाद्यवृंदाला एक पोशाख लागतो, आणि मास्तरांनी तो शिवला. वेष्टणाची जोडसुद्धा त्यांनी तिन्ही ड्रमांवर मागच्या बाजूस, एका ओळीत आणली आहे. हा शहाणा हात आहे. बिल्ल्याचे मात्र समर्थन करता येत नाही. जे नाव एका पुस्तकाचे ते दुसऱ्याच्या मलपृष्ठावर छापले, तर ते पुस्तक किती का चांगले असेना, वाचकाची फसवणूक झाली. आणि त्यात मोठ्यावर अन्याय झाला तो निराळाच. तो बिचारा खरा असून पन्नास वर्षे अनाम राहिला.

तिसऱ्या ड्रमकडे मी शेवटी वळलो. मुंबईच्या गृहस्थांनी फोटो पाहूनच तो नको म्हटले होते. मीही तो टाकाऊ समजून आत टॉर्च मारला, आणि तसाच खाली बसलो.

त्याला पापुद्रे नव्हतेच. आत विटांच्या विहिरीसारखे बांधकाम होते. सव्वा-सव्वा इंच जाडीची तेरा कडी एकावर एक. प्रत्येक कड्यात सहा तुकडे. आणि खालच्या कड्याचा सांधा जेथे येतो तेथे वरच्या कड्याच्या तुकड्याचे बरोबर मध्य. काही तुकडे सागाचे, घासले की चामड्यासारखा वास देणारे. काही खोक्यांच्या पाइनचे. सांध्यांत सरस, मधाच्या रंगाचा. आणि या सगळ्यावर आतून एक हात लाल रंग. बाहेरच्यासारखा चमकदार नव्हे. मंद, विटेला जवळचा. मी स्पिरिटचा बोळा टेकवला. बोळा लाल झाला. चपडी.

वाचकहो, हा रंग मी छत्तीस वर्षे लावला आहे. पॅटर्नचा जो भाग ओतल्यानंतर यंत्रावर कातायचा असतो त्याला आमच्याकडे चपडीत कालवलेला लाल देत. आणि मोठ्या चाकाचा पॅटर्न असाच बांधतात, तुकड्यांची कडी करून, सांधे चुकवून, मग कातावर चढवून. हा ड्रम इंग्लंडचा नव्हता, जपानचा नव्हता. तो याच पट्ट्यातल्या कुठल्या तरी पॅटर्न शॉपमध्ये जन्मला होता, बहुधा रात्रपाळीत, बहुधा फोरमनची पाठ वळल्यावर.

खात्री करून घ्यावी म्हणून मी उंची मोजली. सोळा इंच हवी. सोळा इंचांच्या वर चार मिलिमीटर भरली. आतून-बाहेरून फिरवून व्यास काढला. तोही तितकाच जास्त. असा सांधा करणारा माणूस मापात चुकेल, आणि दोन्हीकडे सारखाच चुकेल, हे पटेना. मग एकदम उजेड पडला. ओतलेले लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा मोठा आखलेला असतो. त्या पट्टीवरचे सोळा इंच म्हणजे खरे सोळा आणि वर एक षष्ठांश, चार मिलिमीटरांहून किंचित अधिक. त्या कारागिराने ड्रम करताना हातातली नेहमीची श्रिंकेजची पट्टी वापरली. लोखंडात कधीच ओतला न जाणारा ड्रम त्याने आकसण्यासाठी जागा ठेवून केला. पहिली खोड येथे दुसऱ्यात शिरली ती अशी.

आता माझे मत. लाकूड म्हणून पाहिले तर तिसऱ्यात दम नाही, सागाशेजारी पाइन बसवणे हे सुतारकामातले पाप आहे. पण पन्नास पावसाळ्यांत एकही सांधा उघडलेला नाही. मोठ्याच्या काठाशी पापुद्रे दोन ठिकाणी सुटले आहेत, लहानाचे तर बोटाने हलतात. आवाजात मोठा सरस, हे मान्य केलेच पाहिजे. तिसरा जाड भिंतीचा, त्याचा आवाज लवकर थांबतो, थोडा मडक्यासारखा. लहानाविषयी काही सांगण्याजोगे नाही. परंतु कामगिरी म्हणून, एका माणसाने डोके आणि हात लावून पुरे केलेले काम म्हणून, मी तिसऱ्याला पहिला क्रमांक देतो.

आठव्या दिवशी मी मुलाला म्हटले, रंग उतरवायचा नाही. तो थोडा चिडला. “काका, विकायचंय. लोकांना नैसर्गिक लाकूड आवडतं.” मी म्हटले, येथून देहू किती? तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले अशी परंपरा सांगते. पुढे हस्तलिखिते अनेक झाली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या खर्चाने गाथा छापली, तेव्हा त्यांनी हस्तलिखिते ताडून पाठभेद पानाखाली दिले, खरवडून टाकले नाहीत. हे लाल वेष्टण, त्याखालचा पांढरा तुकडा, बुजवलेले भोक, बिल्ल्याची रिकामी छिद्रे, आतली चपडी, हे तुझ्या बापाचे पाठभेद आहेत. पॉलिश-पेपर घेऊन बसलास तर उरेल ते फक्त बऱ्यापैकी बर्च.

त्याला गाथेपेक्षा दुसरे कारण पटले. त्याच्या कंपनीत प्रत्येक लाकडी खोक्यावर शिक्का असतो, की हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानावर ३० मिनिटे तापवले आहे. शिक्का नसेल तर खोके परदेशच्या बंदरात अडते. म्हणाला, “मग तुम्ही तसं लिहून द्या. शिक्क्यासारखं.” मी लिहून दिले. माझ्या आयुष्यातले सर्वांत आखूड परीक्षण ते असे:

‘मोठा: इंग्लिश, बर्चचे कवच, बीचची कडी, वेष्टण मूळचे नाही, काठ दोन ठिकाणी सुटला आहे. मेपल नाही. लहान: लाऊआन, बहुधा जपानी; त्यावरचा बिल्ला मोठ्याचा आहे. तिसरा: या भागातल्या पॅटर्न कारागिराचे काम, साग व पाइन, तुकडे जोडून, आतील रंग चपडीचा, मापात चार मिलिमीटर अधिक, हेतुपुरस्सर नव्हे.’

वहिनींनी ते मोठ्याने वाचायला लावले. बिल्ल्याचे वाक्य आले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मोठा इंग्लिशच.” मी म्हटले, “होय, त्यात शंका नाही.” “मग खोटं नाही बोलले.” पाटल्या मोठ्यात गेल्या की तिन्हींत वाटल्या गेल्या, हे लाकूड सांगत नाही, आणि मी सांगितले नाही.

बिल्ला पुन्हा मोठ्यावर लावून, आणि त्यासोबत माझा कागद जोडून, मोठा ड्रम मुंबईला गेला. मेपल नसल्याचा भाव मिळाला. त्यात पाटल्या काही येणार नाहीत. सोने कुठे जाऊन बसले आहे ते वाचकांना मी सांगायला नको. लहान ड्रम माळ्यावर गेला. तिसरा वहिनींनी खाली ठेवून घेतला, आणि यंदा नातवाला गणपतीत तो वाजवायचा होता. मुलाने पुण्याहून त्याला प्लास्टिकचे नवे तोंड आणले, ते अर्थातच बसले नाही. कारखान्यात तयार होणारी तोंडे खऱ्या सोळा इंचांची असतात. मास्तरांच्या काळी कातडे कडीवर हाताने चढवीत, त्यामुळे चार मिलिमीटर पचून जात. मुलगा कानस घेऊन काठ घासायला निघाला होता. मी त्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि आळंदीच्या त्याच दुकानात निरोप धाडला, की बकऱ्याचे कातडे कडीवर चढवून द्या. जुने दुकानदार आता नाहीत. त्यांचा मुलगा बसतो. त्याने माप मागितले. उगाच घोटाळा नको म्हणून मी ‘सोळा इंच’ एवढेच लिहिले आणि सोबत माझी श्रिंकेजची पट्टी पाठवून दिली.

कातडे आले, चांगले बसले. पट्टी अजून परत आलेली नाही.